फारकतीचा हिशेब

विवाहसंबंध संपुष्टात आणणे आणि त्या संबंधातून उभ्या राहिलेल्या संसाराची वाटणी करणे ही दोन निराळी कामे आहेत. भारतीय कायद्याने पहिल्या कामासाठी कारणे, मुदती आणि कार्यपद्धती बारकाईने ठरवून दिली. दुसरे काम मात्र पोटगीचे एक कलम, घरगुती हिंसाचाराच्या कायद्यातले दुसरे, मुद्रांक शुल्काच्या अनुसूचीतले तिसरे आणि बँकेच्या कर्जकरारातले चौथे अशा तुकड्यांत विखुरलेले राहिले. न्यायालयाची पायरी चढणाऱ्या बहुतेक पती-पत्नींचे लक्ष पहिल्या कामावर, म्हणजे दोष कोणाचा या प्रश्नावर खिळलेले असते. पुढच्या वीस वर्षांचे जगणे मात्र दुसऱ्या कामावर अवलंबून असते, आणि ते काम बहुधा शेवटच्या तारखेला घाईघाईत उरकले जाते.

या विषयाचा विचार करताना पुण्यातील येरवड्याचे नाव अनपेक्षितपणे पुढे येते. भारतातील वैवाहिक क्रूरतेच्या कायद्याचा पाया मानला जाणारा ‘दास्ताने विरुद्ध दास्ताने’ हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च १९७५ रोजी दिला आणि त्या खटल्याच्या आरंभी व अखेरीस येरवड्याचे मनोरुग्णालय उभे आहे. १९५६ साली विवाह ठरत असताना वधूपित्याने वरपक्षाला पत्र लिहून मुलीच्या पूर्वीच्या आजारपणाची कल्पना दिली होती आणि हवे असल्यास येरवड्याच्या रुग्णालयातील डॉक्टरांकडे चौकशी करावी असेही सुचवले होते. वरपक्षाने रुग्णालयात चौकशी केली नाही. ओळखीच्या एका डॉक्टरांना विचारले आणि समाधान मानले. पुढे संसार विसकटला. फेब्रुवारी १९६१ मध्ये पत्नीची त्याच रुग्णालयाच्या अधीक्षकांकडून तपासणी व्हावी असा प्रयत्न झाला, तेव्हा आपल्याला वेडी ठरवण्यासाठी ही जुळवाजुळव चालली आहे, अशी शंका येऊन तिने नकार दिला. २७ फेब्रुवारीच्या संध्याकाळी पतीने तिला पुण्यातल्याच एका नातेवाइकाच्या घरी पोहोचवले; त्यानंतर ते दोघे एकत्र राहिले नाहीत. त्या वेळी पत्नी तिसऱ्या अपत्यासाठी गरोदर होती.

पतीने १९६२ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या दिवाणी न्यायालयात अर्ज केला आणि एकाच वेळी तीन गोष्टी मागितल्या: फसवणूक झाल्याने विवाह रद्द ठरवावा, ते नसेल तर मानसिक विकाराच्या कारणाने घटस्फोट द्यावा, आणि तेही नसेल तर क्रूरतेच्या कारणाने न्यायिक विभक्तता मंजूर करावी. न्यायिक विभक्तता म्हणजे विवाह कायम राहूनही एकत्र राहण्याच्या बंधनातून मिळणारी सुटका. तिसरी मागणी अशी माफक असण्याचे कारण कायद्यातच होते, कारण १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात त्या वेळी क्रूरता हे घटस्फोटाचे कारण नव्हतेच. फसवणुकीचा मुद्दा पुराव्यात टिकला नाही, कारण वधूपित्याचे ते जुने पत्र नोंदीत होते. मानसिक विकाराचाही टिकला नाही. क्रूरतेच्या मुद्द्यावर पुण्याच्या पहिल्या न्यायालयाने पतीच्या बाजूने, जिल्हा न्यायालयाने पत्नीच्या बाजूने कौल दिला, मुंबई उच्च न्यायालयाने पतीचे अपील फेटाळले, आणि सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांनी (ते स्वतः पुण्याचे) निर्णय लिहिताना म्हटले की वैवाहिक खटल्यात आरोप फौजदारी खटल्यासारखा निःसंशय सिद्ध व्हावा लागत नाही, शक्यतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते एवढे पाहणे पुरेसे आहे. त्या कसोटीवर क्रूरता सिद्ध झाली. तरीही त्या वागणुकीनंतर दोघे एकत्र नांदले, म्हणजे पतीने ती माफ केली असे कायद्याने धरले जाते, या कारणावरून अर्ज अखेर नामंजूर झाला. तेरा वर्षे, चार न्यायालये, आणि विवाह जिथे होता तिथेच.

कायद्याच्या पुस्तकांतून हा निकाल पुराव्याच्या मानदंडासाठी शिकवला जातो. त्यात दडलेली एक आर्थिक नोंद मात्र सहसा कोणी उचलत नाही. विभक्त झाल्यानंतर १९६१ सालीच पत्नीने पतीच्या खात्याच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या अन्न व कृषी मंत्रालयाच्या सचिवांना पत्र लिहून आपल्या चरितार्थाची वेगळी तरतूद सरकारने करावी अशी विनंती केली होती. शिकलेल्या स्त्रीलाही पोटगीसाठी नवऱ्याच्या साहेबाकडे दाद मागावीशी वाटली, यावरून पैशाचा प्रश्न खटल्याच्या किती परिघावर होता ते कळते. पुढे हेच पत्र तिच्याविरुद्ध वापरण्याचा प्रयत्न झाला. या पत्रासारख्या नंतरच्या वागणुकीने जुनी, माफ झालेली क्रूरता पुन्हा जिवंत झाली, असा युक्तिवाद पतीच्या बाजूने करण्यात आला, पण तो न्यायालयाने मान्य केला नाही.

या निकालाच्या पुढच्याच वर्षी, १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्याचे रूप पालटले. क्रूरता हे घटस्फोटाचे कारण झाले आणि ‘१३ ब’ हे नवे कलम येऊन परस्पर संमतीचा मार्ग खुला झाला. किमान एक वर्ष वेगळे राहिलेल्या पती-पत्नींनी संयुक्त अर्ज करावा, त्यानंतर सहा ते अठरा महिन्यांच्या आत पुन्हा न्यायालयासमोर येऊन संमती कायम असल्याचे सांगावे आणि हुकूमनामा घ्यावा, अशी ही रचना आहे. दोघे दीर्घकाळ विभक्त असतील आणि पोटगी, मुलांचा ताबा यांचा निवाडा आधीच झाला असेल, तर मधले सहा महिने न्यायालय माफ करू शकते असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. येथे एक धोका ध्यानात ठेवायला हवा, तो असा की अंतिम हुकूम होईपर्यंत कोणत्याही पक्षाला संमती मागे घेता येते. त्यामुळे पहिल्या तारखेला संपूर्ण रक्कम देऊन टाकणारा आणि पहिल्याच तारखेला स्वतःच्या सर्व तक्रारी मागे घेणारी, हे दोघेही सारख्याच अडचणीत सापडू शकतात. रकमेचे टप्पे पाडून शेवटचा टप्पा अंतिम हुकमाच्या दिवशी धनाकर्षाने देण्याची जी पद्धत कौटुंबिक न्यायालयांत रूढ झाली आहे, तिच्या मुळाशी हाच अविश्वास आहे, आणि तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही.

येरवड्यातील रहिवाशाला या कामासाठी नदी ओलांडून शिवाजीनगरला जावे लागते. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानुसार महाराष्ट्रातील पहिले असे न्यायालय १९८९ साली पुण्यात सुरू झाले. येरवडा स्थानकातून मेट्रोत बसले की जिल्हा न्यायालयाच्या स्थानकापर्यंतचे अंतर काही मिनिटांचे आहे. त्यानंतरचे अंतर तारखांमध्ये मोजले जाते. या न्यायालयात प्रकरण प्रथम समुपदेशकाकडे जाते, कारण सामोपचाराचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य म्हणून कायद्यात लिहिले आहे. वकील देण्याचा हक्क येथे आपोआप मिळत नाही, न्यायालयाची परवानगी लागते; प्रत्यक्षात ती मिळते. महाराष्ट्र सरकारच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोट यांविषयीच्या दाव्यांत स्त्रियांना न्यायालयीन शुल्कातून सूट दिलेली आहे, आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला तिचे उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मागता येतो.

येरवड्याची वस्ती मिश्र आहे. हिंदू विवाह कायदा बौद्ध, जैन आणि शीख दांपत्यांनाही लागू होतो. ख्रिस्ती विवाहांसाठी १८६९ चा, नोंदणी विवाहांसाठी १९५४ चा कायदा आहे. आणि मुस्लिम घटस्फोटितेला फौजदारी कायद्यातील पोटगीचे कलम खुले आहे हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. हाच हक्क मान्य करणारा शहाबानो खटल्याचा १९८५ चा निकाल लिहिणारे सरन्यायाधीशही यशवंत चंद्रचूडच होते. या सर्व समाजांत आढळणारी चूक मात्र एकच आहे. शंभर किंवा पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या आणि नोटरीचा शिक्का घेऊन काडीमोड झाली असे समजले जाते. हिंदू विवाह कायद्याने रूढीने होणारी फारकत वाचवून ठेवली आहे हे खरे, परंतु ती रूढी आपल्या समाजात प्राचीन काळापासून अखंड चालत आली आहे हे सिद्ध करण्याचा भार तिचा आधार घेणाऱ्यावर असतो. ते सिद्ध झाले नाही तर विवाह कायम राहतो, दुसरा विवाह गुन्हा ठरतो आणि दुसऱ्या पत्नीचा निवृत्तिवेतनावरचा हक्कही अडचणीत येतो.

आता पैशाचा मुख्य भाग. भारतात पाश्चात्त्य देशांप्रमाणे विवाहकाळात मिळवलेली संपत्ती दोघांची आणि घटस्फोटात ती अर्धी-अर्धी, असा नियम नाही. याला ठळक अपवाद शेजारच्या गोव्याचा असून तेथे पोर्तुगीज नागरी संहितेच्या वारशामुळे, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर, पती-पत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते. सीमेच्या अलीकडे, सिंधुदुर्गात किंवा पुण्यात, ज्याच्या नावावर कागद त्याची मालमत्ता. पत्नीचे स्त्रीधन, म्हणजे विवाहात आणि विवाहानंतर तिला मिळालेले दागिने, रोख आणि वस्तू, ही संपूर्णपणे तिची मालमत्ता आहे आणि सासरी ठेवलेले असले तरी पती त्याचा केवळ राखणदार असतो, हे १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. दोघांना मिळून दिलेल्या वस्तूंची वाटणी करण्याचा अधिकार न्यायालयाला हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ ने दिला आहे. दागिन्यांच्या पावत्या, वजनाच्या नोंदी आणि लग्नातली छायाचित्रे जपून न ठेवणाऱ्या घरांत हा हक्क केवळ पुस्तकात राहतो.

संपत्तीत आपोआप वाटा नसल्यामुळे सगळा भार पोटगीवर येतो. खटला चालू असताना मिळणारी अंतरिम पोटगी आणि खटल्याचा खर्च (कलम २४) व हुकूमनाम्यासोबत मिळणारी कायमची पोटगी (कलम २५) या दोन्ही पती किंवा पत्नी यांपैकी कोणालाही मागता येतात. याशिवाय जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे, आणि २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली आर्थिक साहाय्य व निवासाचे आदेश स्वतंत्रपणे मिळतात. निवासाचा हक्क म्हणजे मालकी नव्हे, हे मात्र समजून घेतले पाहिजे: सासू-सासऱ्यांच्या नावावरचे घरही ‘सामायिक घर’ ठरू शकते असे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, तरी त्या घराच्या सातबाऱ्यावर वा भागपत्रावर सुनेचे नाव त्यामुळे चढत नाही.

इतक्या मार्गांनी मागणी होऊ लागल्यावर गोंधळ अटळ होता. तो आवरण्याचे काम नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून निघालेल्या एका प्रकरणाने केले. तेथील पत्नीला दरमहा १५,००० रुपये आणि लहान मुलाला आधी ५,००० व पुढे १०,००० रुपये अंतरिम पोटगी मंजूर झाली होती. पतीने ती उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आणि मग सर्वोच्च न्यायालयात आव्हानित केली. ४ नोव्हेंबर २०२० रोजी ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या निकालात न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले. दोन्ही पक्षांनी आपापली मालमत्ता, उत्पन्न, कर्जे आणि मासिक खर्च यांचे प्रतिज्ञापत्र दाखल करावे, पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू व्हावी आणि एका कायद्याखाली मिळालेली रक्कम दुसऱ्या कायद्याखालच्या रकमेतून वजा धरली जावी. या प्रतिज्ञापत्रात खोटे लिहिले तर शपथेवर खोटे बोलल्याची कारवाई होऊ शकते. आज कोणत्याही घटस्फोटाच्या प्रकरणात सर्वांत निर्णायक कागद हाच आहे, आणि बहुतेक अशिलांचा सर्वांत मोठा हलगर्जीपणाही याच कागदाच्या बाबतीत दिसतो. खातेउतारे, पगारपत्रके, प्राप्तिकराची विवरणपत्रे, भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदी, समभाग, सोने, आईवडिलांच्या औषधांचा खर्च या साऱ्यांची जमवाजमव अर्ज करण्यापूर्वी झाली नाही, तर पुढे दर तारखेला मुदत मागावी लागते. दास्ताने खटला जसा पत्रांवर फिरला, तसे आजचे खटले खातेउताऱ्यांवर फिरतात. जोडीदाराच्या नकळत केलेले ध्वनिमुद्रणही पुरावा होऊ शकते असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये मान्य केले असले, तरी त्याने पोटगीचा आकडा ठरत नाही.

आकडा कशाने ठरतो याचे ठोक सूत्र नाही. पतीच्या निव्वळ पगाराच्या सुमारे २५ टक्के रक्कम न्याय्य मानणारा २०१७ चा निकाल वारंवार पुढे केला जातो, पण तो नियम नव्हे, अंदाज आहे. दोघांची ऐपत, राहणीमान, विवाहाचा काळ, पत्नीने संसारासाठी सोडलेली नोकरी, मुलांच्या गरजा आणि दुसऱ्या बाजूवरची इतर जबाबदारी हे सारे तोलले जाते. डिसेंबर २०२४ मध्ये, ज्यात पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाचाही संबंध होता अशा एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने पत्नीला १२ कोटी रुपये मंजूर केले, परंतु विभक्त झाल्यानंतर पतीची भरभराट झाली म्हणून त्याच्या आजच्या संपत्तीशी बरोबरी मागता येत नाही हेही बजावले. वर्तमानपत्रांनी अर्थातच पहिला भाग मोठ्या अक्षरांत छापला.

पोटगी थकवली तर काय होते, या प्रश्नाचे उत्तर तुरुंगाच्या रूपाने येरवड्यातच उभे आहे. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला आहे. तुरुंगात जाऊन आल्याने देणे फिटते अशी एक समजूत जुनी आहे. ती चुकीची असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली सांगितले, कारण कैद हे वसुलीचे साधन आहे, परतफेड नव्हे. पोटगी मागणाऱ्यालाही एक मुदत पाळावी लागते: थकबाकीच्या वसुलीसाठी कलम १४४ खालचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो.

मासिक पोटगी की एकरकमी, हा निर्णय भावनेने घेतला जातो आणि त्याची करविषयक बाजू राहून जाते. एकरकमी पोटगी ही भांडवली प्राप्ती असून तिच्यावर प्राप्तिकर लागत नाही, दरमहा मिळणारी रक्कम मात्र उत्पन्न ठरते, असा फरक मुंबई उच्च न्यायालयाने १९८३ साली एका राजघराण्यातील घटस्फोटाच्या प्रकरणात केला होता. मासिक रकमेत दर दोन-तीन वर्षांनी वाढीची अट घातली नाही, तर काही वर्षांतच महागाई तिचे मोल बरेच घटवते. एकरकमी रक्कम घेऊन ‘यापुढे कोणतीही मागणी नाही’ अशी पुरसीस, म्हणजे न्यायालयाला लेखी निवेदन, दिली की दार सहसा बंद होते; मुलांच्या पोटगीचे दार मात्र बंद होत नाही, कारण तो हक्क मुलांचा असून आईबापांना तो सोडून देता येत नाही.

येरवड्याभोवती गेल्या दोन दशकांत माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांची जी वस्ती वाढली, तेथे खरी गुंतागुंत सदनिकेची असते. उदाहरणादाखल दोघांच्या नावावर ९० लाखांची सदनिका आहे आणि ६० लाखांचे कर्ज बाकी आहे असे धरू. ‘अर्धे घर माझे’ या वाक्याचा अर्थ ४५ लाख नव्हे, तर ३० लाखांतील १५ लाख. त्यातही हप्ते कोणाच्या खात्यातून गेले हा वाद आहेच. घर पत्नीकडे आणि हप्ते पतीकडे, असे तडजोडीत लिहिले गेले तरी बँक त्या तडजोडीत पक्षकार नसते. कर्जकरारानुसार दोघेही संपूर्ण कर्जाला जबाबदार राहतात आणि पतीने हप्ता चुकवला तर पत खराब होते ती दोघांची. म्हणून कर्ज एकाच्या नावावर वळवून दुसऱ्याला सहकर्जदाराच्या जबाबदारीतून मुक्त केल्याचे बँकेचे पत्र अंतिम तारखेपूर्वी हाती असणे आवश्यक ठरते.

नाव बदलण्याचा मार्गही वेळेवर अवलंबून आहे. महाराष्ट्रात निवासी घर पती वा पत्नीला बक्षीसपत्राने दिल्यास मुद्रांक शुल्क २०० रुपये पडते, त्यावर स्थानिक अधिभार निराळा. ही सवलत पती-पत्नी या नात्यासाठी आहे आणि हुकूमनाम्यानंतर ते नाते उरत नाही; प्राप्तिकराच्या कायद्यातही ‘नातेवाईक’ म्हणून मिळणारे देणगीचे संरक्षण त्याच दिवशी संपते. शिवाय बक्षीस म्हणजे मोबदल्याविना दिलेली वस्तू, त्यामुळे दस्तात ‘पोटगीच्या बदल्यात’ हे शब्द आले की त्याचे स्वरूपच वादात सापडते. मालमत्ता खटल्याचा विषय असेल आणि तिचे पूर्ण वर्णन तडजोडीच्या अटींत व हुकूमनाम्यात आले असेल, तर त्या हुकूमनाम्याची वेगळी नोंदणी करण्याची सक्ती नोंदणी कायद्यात नाही, मुद्रांक शुल्काचा प्रश्न मात्र तरीही उरतोच. सर्व्हे नंबर, इमारतीचे नाव, सदनिकेचा क्रमांक, वाहनतळाची जागा यांतले एक जरी वगळले तरी गृहनिर्माण संस्थेचे कार्यालय भागपत्रावर नाव चढवताना नेमके तेवढेच विचारते.

उरलेल्या गोष्टी लहान दिसतात. कंपनीच्या समूह आरोग्य विम्यातून घटस्फोटित जोडीदाराचे नाव वगळले जाते, म्हणून स्वतःचा विमा आधी घेऊन ठेवावा लागतो, कारण नव्या विम्यात जुन्या आजारांसाठी प्रतीक्षाकाल असतो. आयुर्विमा, बँकेची खाती, म्युच्युअल फंड यांवरचे नामनिर्देशन घटस्फोटाने आपोआप पुसले जाईल असे गृहीत धरता येत नाही. ते प्रत्येक ठिकाणी अर्ज देऊन बदलावे लागते. संयुक्त खाते आणि त्याला जोडलेले क्रेडिट कार्ड बंद करावे लागते, आणि मृत्युपत्र केलेले असेल तर नव्याने करावे लागते.

मानसिक आजाराच्या कारणावर आजही अर्ज होतात आणि त्यांपैकी काहींत येरवड्याच्या रुग्णालयातील कागद पुढे येतात. आजाराचे नाव लिहिलेली चिठ्ठी घटस्फोटाला पुरत नाही, आजाराचे प्रमाण जोडीदाराने एकत्र राहावे अशी अपेक्षाच करता येणार नाही एवढे असले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये म्हटले. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार न्यायालयात असा पुरावा दाखल होऊन दुसऱ्या बाजूने तो नाकारला, तर न्यायालयाने तो छाननीसाठी मानसिक आरोग्य मंडळाकडे पाठवायचा असतो. १९६१ च्या फेब्रुवारीत तपासणीला नकार देणाऱ्या स्त्रीला ज्या सापळ्याची भीती वाटली होती, त्याची दखल घेणारे हे कलम तिच्या नकारानंतर ५६ वर्षांनी कायद्यात आले.